झोळी फिरण्याआधी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी निकाल, शिष्यवृत्त्या आणि स्पर्धा परीक्षा यांविषयी मोलाचे मार्गदर्शन केले आहे. मी जो विषय घेऊन उभा आहे तो वरवर पाहता शिक्षणाचा नाही. आपल्यातील एखादी तरुण मुलगी अचानक आजारी पडली, तर तिच्या उपचारासाठी पैसा कोठून आणि कसा उभा करायचा, हा तो विषय आहे. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर याचे काय प्रयोजन, असा प्रश्न आपल्या मनात येईल. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

मी वर्गशिक्षक आहे. हजेरीपटावरचे एखादे नाव महिनाभर गैरहजर दिसले की चौकशीला घरी जावे लागते. अशा चौकशीतून माझ्या ध्यानात आले की मुली शाळा सोडतात त्याचे कारण दर वेळी लग्न किंवा नापासी हे नसते. घरात कोणाचे तरी मोठे आजारपण झालेले असते. दागिने गहाण पडलेले असतात, होडीच्या मालकाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत पहिली काटछाट होते ती मुलीच्या फीमध्ये आणि एस.टी.च्या पासामध्ये. मोठी बहीण आजारी पडते आणि धाकटीचे शिक्षण थांबते. एका दुखण्यात दोन मुली मागे राहतात. ज्या संस्थेने मुलींना शिकवण्याचा वसा घेतला आहे, तिला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बंधुभगिनींनो, दोन पावसाळ्यांमागची एक हकीकत आपल्यापुढे ठेवतो. तिची व तिच्या वडिलांची परवानगी घेऊनच सांगतो आहे. नाव-गाव मात्र सांगणार नाही, आणि कोणी तर्क करू नये अशी विनंती आहे.

आपल्याच शाळेतून दहावी झालेली ही मुलगी. लग्नाला वर्ष झालेले. जुलै महिना होता. सासरच्या भाताच्या लावणीला ती चार दिवस चिखलात उभी होती. मग ताप आला, अंग मोडून आले, पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्या. घरच्यांना वाटले, पावसात भिजली आहे, कामाने थकली आहे. दुकानातून गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी डोळे लाल झाले, लघवी कमी झाली, धाप लागू लागली.

आता खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो वैद्यकीय नव्हता. तिला न्यायचे कोणी? सासरच्यांना वाटे, माहेरच्यांना आधी कळवावे. माहेरचे म्हणत, ती आता त्या घरची, त्यांच्या आधी आपण कसे बोलावे? कोणीही वाईट नव्हते. दोन्ही घरांत पैसा नव्हता, एवढेच. वडील खलाशी. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, हे आपण सर्व जाणता. त्या दोन महिन्यांत खलाशाच्या घरात नवा रुपया येत नाही. जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेले, तेथे आधी पन्नास हजारांचे डिपॉझिट सांगण्यात आले. त्या विचारात अर्धा दिवस गेला. शेवटी शेजारचा रिक्षावाला, जो आपल्या जमातीचाही नाही, तो म्हणाला, “पैशांचा काय ता मागीर बघूया, आधी चेडवाक गाडयेत घाला!”

त्या एका वाक्याने ती मुलगी ओरोसला पोहोचली आणि तेथून गोव्यात बांबोळीला. आजार लेप्टोस्पायरोसिसचा निघाला. मूत्रपिंडे मंदावली होती, डायलिसिस करावे लागले. इकडे शुक्रवारी नमाजनंतर मस्जिदीच्या दारात चादर धरली गेली, शाळेत मुलांनी खाऊचे पैसे दिले, बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी चिठ्ठी फिरवली, आखातातून भावंडांनी पैसे पाठवले. अल्लाच्या कृपेने ती मुलगी आज आपल्या पायांवर चालते आहे.

आपल्या माणसांच्या या उदारपणाचा मला अभिमान आहे. पण एक गोष्ट आपण शांतपणे तपासली पाहिजे. झोळी फिरली ती सहाव्या दिवशी. हा आजार आटोक्यात येण्यासारखा होता तो पहिल्या तीन दिवसांत.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे शास्त्र समजून घ्या. लेप्टोचे जंतू उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात. पायाच्या भेगांतून, जखमेतून ते अंगात शिरतात. वेळेवर ओळखले तर डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन यांसारखी जुनी, स्वस्त प्रतिजैविके पुरतात. उशीर झाला की तेच जंतू यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर घाला घालतात, आणि मग डायलिसिस, अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वास, असा खर्च चढत जातो. म्हणजे पहिल्या दिवशी काही रुपयांत होणारे काम सहाव्या दिवशी लाखावर जाते. पैसा नाही म्हणून आपण थांबतो, आणि थांबलो म्हणून अधिक पैसा लागतो. या चक्राला कोठे तरी खीळ घातली पाहिजे.

म्हणून पावसाळ्यात शेतात किंवा साचलेल्या पाण्यात वावरलेल्या कोणालाही ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर दुकानाची गोळी न घेता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि “मी चिखलात काम केले आहे” हे डॉक्टरांना आपणहून सांगा. हे एक वाक्य घरोघरी पोहोचवलेत, तरी माझे भाषण सत्कारणी लागले असे मी समजेन.

आता पैशाकडे वळू. आपल्या भागात कोणी आजारी पडले की पहिला विचार झोळीचा होतो. माझे म्हणणे असे की झोळी ही शेवटची पायरी असावी. तिच्या आधी ज्या पायऱ्या आहेत त्या आपल्या हक्काच्या आहेत.

पहिली पायरी सरकारी रुग्णालयाची. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत करण्यात आले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यभर आहे; तिला भाडे द्यावे लागत नाही. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला, पण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२१-२२ हे शैक्षणिक वर्ष उजाडावे लागले. तोपर्यंत, आणि पुष्कळ अंशी आजही, गंभीर रुग्ण म्हटला की आपली वाट बांबोळीची. १८४२ पासूनची परंपरा असलेल्या त्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या किती तरी पिढ्या सांभाळल्या आहेत. पण जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू केले, आणि दोडामार्गात लोकांना आंदोलनाला बसावे लागले. तात्पर्य, दुसऱ्याच्या घरच्या चुलीवर आपण कायम विसंबून राहू शकत नाही. जाण्यापूर्वी तेथे आपली कोणती योजना चालते याची चौकशी केलेली असावी.

दुसरी पायरी योजनांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपण ऐकून आहात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती काही जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये सर्व राज्यात आली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आधी ती ठरावीक रंगाच्या रेशनकार्डांपुरती होती. २०२३ मध्ये राज्य सरकारने ती सर्व रेशनकार्डधारक व अधिवासी कुटुंबांना लागू करण्याचा आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय घेतला. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होतानाच त्याच्याकडे जावे. बिल भरून झाल्यावर गेले तर उपयोग होत नाही.

आणि येथेच मुलींची अडचण होते. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या रेशनकार्डावरून कमी झालेले असते, सासरच्या कार्डावर चढलेले नसते. आधारकार्डावर बापाचे नाव, कार्डावर नवऱ्याचे, आणि निकाहनामा मराठीत नाही. सुखाच्या दिवसांत हे कोणाला आठवत नाही. आजारपणात मात्र ती कागदावर कोणाचीच नसते. पालकांनो, मुलीला सासरी पाठवताना भांडीकुंडी मोजून देता, त्याबरोबर सहा महिन्यांत तिचे नाव नव्या रेशनकार्डावर चढले की नाही याची एकदा खात्री करून घ्या. हा आहेर कोणत्याही दागिन्यापेक्षा मोठा आहे.

तिसरी पायरी धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई-पुण्याकडील अनेक मोठी खाजगी रुग्णालये कायद्याने सार्वजनिक न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या आहेत, आणि बिलांच्या रकमेच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागते. कायदा असला की सर्व काही सुरळीत होते असे मात्र समजू नका. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवती स्त्रीकडे दहा लाखांचे डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, पुढे तिचा मृत्यू झाला आणि सारा महाराष्ट्र हळहळला. ते कुटुंब धडपडणारे, ओळखीपाळखीचे होते. तेथे आपल्या खलाशाचा किंवा बिडाच्या कारखान्यातील कामगाराचा काय पाड लागणार? म्हणून आपला माणूस एकटा जाता कामा नये. त्याच्याबरोबर लिहिता-वाचता येणारा, कागद दाखवून नम्रपणे पण ठामपणे बोलणारा एक जण असला पाहिजे. आमच्यासारख्या शिक्षकांचा याहून चांगला उपयोग कोणता?

चौथी पायरी मुख्यमंत्री साहाय्यता निधी व मोठ्या न्यासांची. येथे अर्ज, खर्चाचा अंदाज आणि उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते.

या चारही पायऱ्या चढून झाल्यावर जे उरते त्यासाठी समाजाने पुढे यायचे. उरते हे खरेच. रुग्णाच्या सोबत्याचे जेवण, राहणे, गाडीभाडे, बाहेरून आणायची औषधे, आणि बरे झाल्यावर महिना-दोन महिन्यांचा पोषक आहार. यांना कोणतीही योजना पुरी पडत नाही.

मित्रांनो, आता झोळीविषयी स्पष्ट बोलतो. आज झोळी म्हणजे केवळ चादर राहिलेली नाही. मोबाइलवर फोटो आणि खाते क्रमांक टाकला की जगभरातून पैसा येऊ शकतो. २०२१ मध्ये मुंबईतील एका पाच महिन्यांच्या बालिकेच्या दुर्मिळ आजारावरील सुमारे १६ कोटी रुपयांच्या औषधासाठी अशीच लोकवर्गणी उभी राहिली आणि केंद्र सरकारने त्या औषधावरील आयात शुल्क व कर माफ केला. माणुसकीचा तो मोठा विजय होता. परंतु त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या एका बालिकेला तेच औषध लोकवर्गणीतून मिळूनही ती वाचू शकली नाही. वर्गणीने औषध विकत घेता येते, आयुष्य नाही, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही मनाशी धरून चालावे.

या फोटोच्या झोळीत मला तीन दोष दिसतात. पहिला असा की ज्याच्या ओळखी अधिक, त्याची झोळी लवकर भरते. आखातात भाऊ असलेल्या मुलीचा निरोप रात्रीत दुबई-कुवेतला जातो. ज्या विधवेच्या मुलीला भाऊच नाही, तिचा निरोप गावाची वेस ओलांडत नाही. आजार दोघींचा सारखाच असतो.

दुसरा दोष अब्रूचा. तरुण मुलीचा नळ्या लावलेला फोटो हजारो अनोळखी माणसांच्या खिशात जातो आणि ती बरी झाली तरी तो परत येत नाही. आजाराचे नावही त्याबरोबर फिरते. क्षय, फेफरे, गर्भाशयाचे दुखणे, मनाचे आजार यांचा बोभाटा झाला की स्थळे मोडतात, म्हणून आईबाप आजारच लपवतात, आणि लपवल्यामुळे उपचार लांबतो. फोटोची अट घातल्याशिवाय मदत मिळत नसेल, तर काही मुली मदत न घेताच मरतील. हे मी अतिशयोक्ती म्हणून बोलत नाही.

तिसरा दोष हिशेबाचा. किती जमले, किती खर्च झाले, उरले ते कोणाचे, हे आधी ठरलेले नसते. नंतर कुजबुज सुरू होते, आणि पुढच्या गरजवंताच्या वेळी हात आखडतात. आवाहनावर तारीख नसते, म्हणून मुलगी बरी होऊन घरी आली तरी तिचा निरोप फिरतच राहतो. कोणी लबाड त्याखाली आपला क्रमांकही घालतो.

मग उपाय कोणता? उपाय नवा नाही. आपल्या महाराष्ट्रातच तो करून पाहिलेला आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतालच्या खेड्यांत १९८०च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीची योजना सुरू केली. शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, पण सुगीला घरात धान्य असते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने सुगीत ठरावीक ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने एकरामागे जास्त. त्या निधीतून गावातील आरोग्यसेवक व औषधे यांची सोय होई, आणि अचानक आलेल्या गंभीर आजारात सभासदाला सेवाग्रामला मोफत उपचार मिळे. गावातील किमान ७५ टक्के कुटुंबे सामील झाली पाहिजेत अशी अट होती. देणे ऐपतीप्रमाणे, घेणे गरजेप्रमाणे, आणि सर्व गाव एकत्र, हे त्या योजनेचे मर्म.

सातासमुद्रापलीकडेही हेच घडले. वेल्समधील ट्रेडीगर या खाणकामगारांच्या गावात १८९० पासून कामगार आपल्या पगारातून पौंडामागे तीन पेन्स वैद्यकीय मदतीच्या संस्थेला देत. त्याच गावात वाढलेला खाणकामगाराचा मुलगा अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला, आणि ५ जुलै १९४८ रोजी त्याने त्याच धर्तीवर साऱ्या देशासाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. एका गावच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून एवढे मोठे कार्य उभे राहिले.

आणि आपल्याला सेवाग्राम किंवा वेल्सला तरी कशाला जायला हवे? आपल्या किनाऱ्यावरची रापण पाहा. एक टोक इकडे, एक टोक तिकडे, आणि दोर ओढायला सारा वाडा. जाळे एकट्याचे नाही, म्हणून वाटाही एकट्याचा नाही. ज्या समाजाला समुद्रातून मासळी मिळून ओढता येते, त्याला मृत्यूच्या दारातून एक मुलगी मिळून ओढता येणार नाही काय?

सेवाग्रामचा धडा आपल्या मालवणी मुलखाला लावायचा तर एकच गोष्ट ध्यानात घ्यावी: वर्गणी सुगीत घ्यावी. आपली सुगी ऑक्टोबर ते मे. मासळी असते, आंबा-काजू असतो, सुट्टीत आखातातील मंडळी घरी येतात. आजाराचा हंगाम मात्र जून-जुलै, जेव्हा होड्या शाकारून किनाऱ्यावर ठेवलेल्या असतात. झोळी फिरते ती नेमकी हात रिकामे असताना. म्हणून मेअखेर निधी भरलेला असावा आणि पावसाळ्यात तो खुला असावा. वानगीदाखल हिशेब सांगतो. तीनशे कुटुंबांनी दरमहा सरासरी ५० रुपये आठ महिने दिले, तर १ लाख २० हजार रुपये होतात. रोजंदारीवाल्याने वीस द्यावेत, होडीमालकाने दोनशे. या रकमेतून मोठ्या शस्त्रक्रिया होणार नाहीत, हे मी जाणतो. पण पहिल्या दिवशीची गाडी, पहिली तपासणी, सोबत्याचे जेवण, आणि “पैशाचे नंतर पाहू” असे म्हणण्याचे बळ यातून नक्की मिळेल. त्या मुलीच्या बाबतीत कमी पडले ते एवढेच होते.

या निधीचे काही नियम असावेत असे मी नम्रपणे सुचवतो. निधी संस्थेच्या नावे, स्वतंत्र बँक खात्यात, धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नियमांत बसवून ठेवावा. सह्या तिघांच्या असाव्यात, त्यांत एक स्त्री असावी. कारण मुलीच्या आजाराचे सारे काही पुरुषांपुढे उघड करता येत नाही. पैसे रोख हातात न देता शक्यतो रुग्णालय किंवा औषध दुकानाला द्यावेत. पहिले पाच हजार रुपये समितीच्या सभेवाचून, एका फोनवर मिळावेत. बाकीचे कागद पाहून. जकातीचे पैसे वेगळ्या वहीत असावेत, कारण तिचे हकदार ठरलेले आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूसही येतो; इतर देणगी आणि सदका यांतून मात्र शेजारच्या कोणत्याही धर्माच्या मुलीला मदत करता यावी. आपल्या मुलीला रिक्षात घालताना त्या रिक्षावाल्याने जात विचारली नव्हती. वर्षअखेरीस जमाखर्च याच स्मरणिकेत छापावा, त्यात रकमा असाव्यात, रुग्णांची नावे नसावीत.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याजवळ पैसा नाही म्हणून तुमचे काम नाही असे समजू नका. वाडीतील कोणाच्या घरी कोणते कागद अपुरे आहेत याची यादी तुम्ही करू शकता. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांचा अर्ज लिहू शकता. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना रक्त देता येते; कित्येकदा नोटांपेक्षा त्याचीच गरज अधिक असते. आणि एखाद्या आजारी मुलीचा फोटो आलाच, तर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा: ही माझी बहीण असती तर?

शेवटी एक गोष्ट थोड्या संकोचाने, पण बोलतोच. ज्या मुलीची हकीकत मी सांगितली, तिला आता बाहेरून बी.ए. पूर्ण करायचे आहे. नवऱ्याची ना नाही. पण मी माझ्या कानांनी ऐकले आहे: “गावाने पैसे दिले म्हणून वाचली, आता घर सांभाळायचे सोडून कॉलेज कशाला?” बंधुभगिनींनो, आपण तिच्या औषधाचे पैसे दिले, तिच्या आयुष्यावर मालकी मिळवली नाही. जे दिले ते अल्लाच्या वाटेवर दिले. त्याची वसुली तिच्या मान खाली घालण्यातून करायची असेल, तर ती मदत नव्हती, सावकारी होती. तिला वाचवण्यासाठी आपण दोर ओढला तो कशासाठी? तिने शिकावे, नोकरी करावी किंवा घर सांभाळावे, जे तिला योग्य वाटेल ते तिने ताठ मानेने करावे यासाठीच ना? उपकार आठवणीत ठेवणे हे तिचे काम आहे. ते विसरणे हे आपले काम आहे.

माझी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की या निधीचा विचार पुढील सभेत करावा, आणि पालकांना विनंती आहे की तो ठराव होण्याची वाट न पाहता आज घरी गेल्यावर पेटीतून रेशनकार्ड काढावे आणि त्यावर घरातील प्रत्येक मुलीचे, प्रत्येक सुनेचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर या आठवड्यात तहसील कार्यालयात जावे. पावसाळा यायला अजून अवधी आहे. काम तेवढ्यात होण्यासारखे आहे.